साडूची क्रेटा, पिवळा पिलर आणि वॉचमनचे दोनशे रुपये

पत्र असं आलंय (थोडं कापलंय, खूपच लांब होतं):

"ताई, मी कोथरूडला राहतो, वय 38. माझी स्वतःची अल्टो आहे आणि गेली कित्येक वर्षं मी गाडी चालवतोय, त्यामुळे मला ड्रायव्हिंग येत नाही असं प्लीज म्हणू नका. माझे साडू फॅमिलीला घेऊन केरळला गेलेत, जाताना नवीन क्रेटाची चावी आमच्याकडे ठेवून गेले, म्हणाले लागली तर वापरा, नुसती उभी ठेवू नका. शनिवारी आम्ही एका लग्नाला गेलो, रात्री परत आलो, सोसायटीत स्टिल्ट पार्किंग (बिल्डिंगच्या खालचं, पिलरमधलं) आहे. बायको म्हणाली आम्ही उतरतो, मी मागे उभी राहून सांगते. वॉचमन पण म्हणाला साहेब पुढून घाला, सकाळी रिव्हर्स काढू. मी म्हटलं कॅमेरा आहे, बसा गपचूप. उजवीकडचा मागचा दरवाजा पिलरला घासला, पिलरचा पिवळा पट्टा उमटलाय. आवाज आल्यावर मी घाबरून गाडी एकदम पुढे घेतली तर समोरच्या लायनीत काकांची वॅगनआर उभी होती, तिच्या मागच्या बंपरला आमच्या बंपरचा डावा कोपरा लागला. काकांना अजून माहीत नाही. वॉचमनला दोनशे रुपये दिलेत. टचअप पेन ऑनलाइन मागवलंय. साडू रविवारी येतायत. बायको म्हणते आत्ताच्या आत्ता फोन करा, नाहीतर मी माझ्या बहिणीला सांगते. माझे प्रश्न: गुपचूप करून घेता येईल का? इन्शुरन्स क्लेम केला आणि गाडी साडूच चालवत होते असं लिहिलं तर? काकांनी अख्खा बंपर मागितला तर द्यायचा का? आणि पुढे साडू कधी गाडी देतील का? – त्रस्त, कोथरूड"

त्रस्तराव, रविवारची डेडलाइन होती म्हणून तुम्हाला दोन ओळींचं उत्तर आधीच पाठवलं होतं, ते एवढंच होतं की आधी काका मग साडू आणि दोन्ही आजच. हे खालचं सविस्तर उत्तर तुमच्यासाठी आहेच पण त्या सगळ्यांसाठीही आहे ज्यांच्याकडे आत्ता दुसऱ्याच्या गाडीची चावी आहे.

पहिल्यांदा ते दोनशे रुपये. अहो काय केलंत हे. वॉचमनला पैसे देऊन गप्प बसवायचा प्रयत्न करणं म्हणजे बातमीला पाय फोडणं, आता नुसती गाडी घासली ही बातमी राहिली नाही, साहेबांनी घासली आणि मला पैसे दिले अशी झाली, आणि ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा फार इंटरेस्टिंग आहे. तो बिचारा कोणाला सांगणार नाही असं धरलं तरी रात्रपाळी संपली की दिवसवाला येतो, दूधवाला येतो, गाड्या धुणारा पोऱ्या येतो. तो पोऱ्या तर रोज सकाळी प्रत्येक बंपरवरून फडकं फिरवतो, त्याला तुमच्या सोसायटीतला एकूण एक ओरखडा पाठ असणार. आणि स्टिल्टमध्ये कॅमेरा असेलच की हो. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची वगैरे इथे चालणार नाही, ही मूठ झाकलेलीच नाहीये. वॉचमनकडून पैसे परत मागू नका, ते गेले. फक्त त्याला जाऊन सांगा की मी काकांना सगळं सांगितलंय, तू काही लपवायची गरज नाही, म्हणजे तो मोकळा होईल, त्याची नोकरी आहे ती.

काका आधी का, साडू का नाहीत? कारण साडूंनी तुम्हाला चावी दिली, त्यांनी थोडी का होईना रिस्क स्वतःहून घेतली. काकांनी काय केलं होतं? आपली गाडी आपल्या जागेवर लावून झोपायला गेले होते. त्यामुळे त्यांच्याकडे फोन नाही, व्हॉट्सॲप नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर "कोणाच्या गाडीला काही लागलं असल्यास क्षमस्व" तर अजिबात नाही. स्वतः जायचं, बेल वाजवायची, आणि पहिल्या वाक्यात सांगायचं की काका, शनिवारी रात्री गाडी लावताना तुमच्या गाडीला माझ्याकडून लागलंय, खाली येऊन बघता का, जो काही खर्च असेल तो माझा. बस. अंधार होता, क्रेटाचं बॉनेट मोठं आहे, तुमची वॅगनआर जरा बाहेर आली होती, हे काहीही बोलायचं नाही. वॅगनआर बाहेर आली असेल खरंच, तरी नाही. उभ्या गाडीला चालत्या गाडीने धडक दिली की उभी गाडी कुठे उभी होती हा विषय किमान पहिले दहा मिनिटं काढायचा नसतो. आणि शनिवारी झालं तर आज का सांगतोस असं ते विचारतील, विचारणारच, तेव्हा सरळ सांगा की हिंमत झाली नाही. त्यावर माणूस चिडतो पण जास्त वेळ नाही.

आता काकांचा अख्खा बंपर. वॅगनआरचा बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला गंज लागत नाही, त्यामुळे नुसता ओरखडा असेल किंवा तुमचा रंग तिकडे लागला असेल तर तो घासून, नाहीतर रंग मारून जातो, बदलायची गरज नसते. पण खाली बसून नीट बघा. बंपर जिथे बॉडीला बसतो त्या कोपऱ्यात फट पडली आहे का, आतली क्लिप किंवा ब्रॅकेट तुटलंय का, प्लास्टिकला चीर आहे का. प्लास्टिक दाबलं जाऊन परत बाहेर येतं, वरून काही झालं नाही असं दिसतं आणि आतल्या क्लिपा तुटलेल्या असतात, मग महिन्याभराने स्पीडब्रेकरवर बंपर खडखडायला लागतो. तसं असेल तर काका नवीन मागतायत ते बरोबर आहे, द्यायचा. फक्त ओरखडा असेल आणि तरी ते नवीनच मागत असतील तर त्यांच्याच नेहमीच्या गॅरेजमध्ये दोघं मिळून जा आणि तिथला माणूस काय म्हणतो ते ऐका, तुमच्या ओळखीच्या स्वस्तातल्या डेंटरकडे त्यांना ओढू नका. आणि उलटं झालं, म्हणजे ते "राहू दे रे, जुनीच गाडी आहे" म्हणाले, तर लगेच बरं बरं करून सुटू नका. एकदा तरी आग्रह करा.

लगे हाथ कायद्याचंही सांगते कारण कोणीतरी तुम्हाला सांगणारच की थर्ड पार्टी इन्शुरन्स असतोच की, त्यातून काकांचं होईल. कागदावर बरोबर आहे. खाजगी कारच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारण साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं (काही लोक प्रीमियम थोडा कमी करायला ते सहा हजारांवर आणतात, पॉलिसीत बघून घ्या). पण ते मिळवायचा रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो, आणि बंपरच्या कोपऱ्यासाठी कोथरूडमधला कुठलाही काका तिकडे जाणार नाही. दुसरा रस्ता म्हणजे त्यांनी स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम करायचा, पण मग चूक तुमची आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) त्यांचा गेला, हे तुम्हाला तरी पटतं का? खिशातून द्या.

आता साडू.

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त मला काय खटकलं असेल तर "गाडी साडूच चालवत होते असं लिहिलं तर". त्रस्तराव, साडू केरळात आहेत. हाउसबोटीतले फोटो मेहुणीने स्टेटसला टाकले असतील. क्लेम फॉर्ममध्ये ड्रायव्हरचं नाव आणि लायसन्स मागतात, तारीख, वेळ, जागा लिहावी लागते, आणि खोटं सापडलं तर क्लेम फेटाळला जातो आणि रेकॉर्ड साडूंच्या पॉलिसीचं खराब होतं, तुमचं नाही. आणि हे खोटं लिहायची गरजच नाहीये! मालकाच्या परवानगीने, व्हॅलिड लायसन्स असलेला कोणीही गाडी चालवत असेल तरी कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी) क्लेम होतो. तुम्ही चालवत होतात, परवानगी होती, लायसन्स आहे, संपलं. शिवाय साडूंना न सांगता क्लेम करता येईल असं तुम्हाला वाटतंच कसं, पॉलिसी त्यांच्या नावावर, मेसेज त्यांच्या मोबाइलवर, मुन्नारच्या चहाच्या मळ्यात उभे असताना त्यांना "युवर क्लेम इज रजिस्टर्ड" येणार.

पण क्लेम करायचा की नाही हा खरा प्रश्न आहे आणि तो तुम्ही ठरवायचा नाही, साडूंनी ठरवायचा. का ते बघा. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. साडूंनी जुनी गाडी विकून ही नवी घेतली असेल तर जुन्या गाडीवर साठलेला बोनस ते या गाडीवर घेऊन आले असण्याची शक्यता आहे. तो एक वर्ष क्लेम न करता 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के असा चढत जातो, आणि एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला शून्य. समजा त्यांचा 50 टक्के आहे आणि ओन डॅमेजचा (म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम बोनस वजा करण्याआधी 16 हजार आहे. क्लेम केला तर पुढच्या वर्षी आठ हजारांची सूट गेली, त्याच्या पुढच्या वर्षी 20 टक्के मिळतात म्हणजे 4,800 गेले, मग 4,000, मग 2,400, मग 800. बेरीज 20 हजार. दरवर्षी गाडीची किंमत उतरते तसा प्रीमियमही उतरतो त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी भरेल, पण अंदाज आला ना? त्यात वर कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधली आपण स्वतः भरायचीच रक्कम), 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार, त्यावरच्याला दोन हजार, ते तुम्हीच भरायचे. आणि झिरो डेप (पार्टची घसारा-कपात न करणारं जादा कव्हर) घेतलेलं नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या पार्टच्या किमतीतले निम्मेच पैसे कंपनी देते, पेंटिंगमध्येही मटेरियलचे निम्मे कापते.

म्हणजे एक दरवाजा रंगवणं आणि एक बंपर रंगवणं एवढंच काम असेल तर बहुतेक वेळा क्लेम परवडत नाही. साडूंनी एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी नो क्लेम बोनस टिकवणारं जादा कव्हर) घेतलेलं असेल तर हिशोब बदलतो, दरवाजाचा पत्रा आत गेला असेल आणि अख्खा दरवाजा बदलायचा म्हणाले तर बदलतो. म्हणून आधी एस्टिमेट लेखी घ्या, मग त्यांना पॉलिसी बघायला सांगा, मग जे ठरेल ते. आणि त्यांनी क्लेम करायचं ठरवलं तरी डिडक्टिबल, कापलेले पैसे आणि बुडालेला बोनस या तिन्हीचे पैसे तुम्ही द्यायचे. इन्शुरन्समधून झालं म्हणजे फुकट झालं असं लोकांना वाटतं, तो पैसा साडूंच्या खिशातून हप्त्याहप्त्याने जाणार असतो फक्त त्यावर तुमचं नाव नसतं, आणि पुढच्या रिन्यूअलला मेहुणी मात्र बरोब्बर नाव घेते.

फोन आज करा. विमानतळावरून घरी येऊन, बॅगा टाकून, चावी घ्यायला आलेल्या माणसाला पार्किंगमध्ये नेऊन दाखवू नका. आत्ता तिकडे सुट्टीवर आहेत, मूड कशाला घालवायचा, हे तुम्ही त्यांच्यासाठी म्हणत नाही आहात, स्वतःसाठी म्हणताय. सांगताना जागा नीट सांगा, उजवा मागचा दरवाजा आणि पुढच्या बंपरचा डावा कोपरा, फोटो पाठवा, कोणाला लागलं नाही हे पहिलं सांगा. मग विचारा की कंपनीच्या वर्कशॉपला टाकू की तुम्ही आल्यावर तुमच्या माणसाकडे नेऊ. नवीन गाडी आहे, वॉरंटी आहे, त्यांना रंगाचं कुठे करायचं याबद्दल मत असणार आणि ते मत तुमच्यापेक्षा महाग असणार, असू दे. आणि बायकोला मध्ये अडकवू नका. तिला बहिणीपासून लपवायला सांगताय, उद्या हे बाहेर आलं की तुमची चूक राहील बाजूला आणि दोघी बहिणींत वेगळंच सुरू होईल. तिने गाडीतून उतरून मागे उभी राहते म्हटलं होतं. एवढं लक्षात असू द्या, मी अजून काही बोलत नाही.

टचअप पेनचं. दगडाचा टवका उडालाय, पत्र्यावर मुगाएवढा ठिपका दिसतोय, तिथे पेन ठीक आहे. हातभर ओरखड्यावर पेनने गिरवलं तर ते रांगोळीच्या रेघेसारखं दिसतं आणि नंतर पेंटरला ते आधी काढावं लागतं. त्याऐवजी हे करा. गाडी साध्या पाण्याने धुवा आणि दरवाज्यावरच्या ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर ओरखडा वरच्या क्लिअर कोटमध्येच (रंगावरच्या पारदर्शक थरात) आहे, रबिंग पॉलिशने जाईल किंवा निदान दिसेनासा होईल. नख अडकलं तर रंगापर्यंत गेलाय, पॅनल रंगवावं लागणार. करडा प्रायमर किंवा चकचकीत पत्रा दिसत असेल तर पावसाच्या आत करून घ्या, दरवाजा पत्र्याचा आहे, तिथे गंज धरतो. पिलरचा पिवळा पट्टा उमटलाय म्हणता, त्यातला बराचसा पिलरचा रंग दरवाज्यावर चिकटलेला असेल, तो निघाल्यावर खाली नुकसान तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमीही निघू शकतं. पण थिनर लावू नका, हात जोडते. पेट्रोल नको, टूथपेस्ट नको. पिलरच्या रंगाबरोबर गाडीचा रंगही जातो आणि मग साध्या पॉलिशचं काम पॅनल रंगवण्यावर येतं. रंगवायचं झालं तर कलर कोड बघून रंग बनवायला सांगा, मेटॅलिक किंवा पर्ल असेल तर शेजारच्या पॅनलवर थोडा ब्लेंड करावा लागतो, नाहीतर सावलीत मॅच आणि उन्हात वेगळा दिसतो. पुढच्या बंपरमध्ये सेन्सर असतील तर ते चालतायत का बघून घ्या.

आणि आता तो भाग जो तुम्ही विचारलेला नाही.

"मला ड्रायव्हिंग येत नाही असं म्हणू नका." नाही म्हणत. तुम्हाला अल्टो चालवता येते. क्रेटा अल्टोपेक्षा साधारण एक फूट रुंद आहे आणि पाऊण मीटरहून जास्त लांब. आपल्याकडे कारच्या पार्किंगची जागा साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, क्रेटाची रुंदी 1.79 मीटर, आरसे सोडून, म्हणजे दोन्ही बाजू मिळून उरले 70 सेंटीमीटर, त्यातच तुम्हाला दार उघडून उतरायचंय. त्याच जागेत अल्टो लावताना तुम्ही जेवढं आधी स्टिअरिंग कापायचात तेवढंच आधी इथे कापलंत. हात सवयीने फिरले. रिव्हर्सला वळताना आतल्या बाजूचं मागचं चाक पिलरच्या रेषेत येईपर्यंत स्टिअरिंग पूर्ण कापायचं नसतं, आधी कापलं की मागचा दरवाजा पिलरवर जातो. हे कॅमेऱ्यात दिसत नाही, कॅमेरा फक्त बंपरच्या मागचं दाखवतो. सेन्सर पण तेवढंच, 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना मागचे सेन्सर कंपल्सरी झालेत, पण ते दरवाज्याला नाहीत. दरवाजा फक्त आरशात दिसतो, आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत होतात. डावा आरसा बहिर्गोल असतो, त्यात सगळं आहे त्यापेक्षा लांब दिसतं, हेही लक्षात ठेवा.

पण दरवाजा घासला हे कोणाचंही होईल. मला खरा प्रॉब्लेम त्याच्या पुढच्या दोन सेकंदांचा वाटतो. आवाज आल्यावर ब्रेक दाबून, हँडब्रेक ओढून, खाली उतरून बघायचं. एवढंच करायचं होतं. तुम्ही गाडी पुढे दामटलीत, कारण मागे बायको-मुलं बसली होती, वॉचमन बघत होता आणि काही झालंच नाही असं दाखवायचं होतं. काकांची वॅगनआर त्या दाखवण्यात गेली. पुढच्या वेळी अंधार, अनोळखी गाडी आणि अरुंद जागा अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर आधी माणसं उतरवा, एकजण पिलरच्या बाजूला उभा करा, मागे नाही, पिलरच्या बाजूला, आणि त्याला सांगा की "येऊ द्या येऊ द्या" म्हणू नकोस, फक्त थांब म्हण. काच खाली, गाणी बंद.

साडू परत गाडी देतील का, ते मला काय माहीत. माझा अंदाज, तुम्ही आज फोन केलात तर देतील, कदाचित सहा महिन्यांनी आणि चेहरा न हलवता. दिली तर घेतल्या घेतल्या पार्किंगमध्ये घालू नका, सुट्टीच्या दिवशी सकाळी मोकळं मैदान बघा, अडीच मीटर अंतरावर दोन रिकाम्या बादल्या ठेवा आणि त्यांच्यामधून रिव्हर्स घ्या, बादली पडली की आरशात कुठे दिसत होती ते उतरून बघा. अल्टोवाल्या हाताला क्रेटाची लांबी कळेपर्यंत करा.

आणि रविवारी गाडी परत देताना, काम व्हायचं असो किंवा झालेलं असो, ती धुवून, आतून व्हॅक्यूम मारून द्या. लग्नाच्या अक्षता मागच्या सीटखाली नक्की असणार.